चार आण्यांचा अधिकार

(वर्धा येथील स्मृती व्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचा मुद्रित पाठ)



सामान्य माणसानं दिलेल्या लहानशा वर्गणीतून गरिबी हटू शकते का, देश उभा राहू शकतो का, या विषयावर आजचं पुष्प गुंफावं असं संयोजकांनी सुचवलं. दुसऱ्या एखाद्या शहरात मी या विषयावर मोघम बोलून वेळ निभावली असती. वर्ध्यात तसं करता येत नाही. लोकांकडून थोडं थोडं कसं मागावं, कुणाकडून मागावं, मिळालेल्याचा हिशोब कसा ठेवावा आणि केव्हा मागणं थांबवावं, या प्रश्नांवर या जिल्ह्यात शंभर वर्षं प्रयोग चालले आहेत. त्यातले काही फसले, काही टिकले. फसलेल्यांकडूनही शिकण्यासारखं आहे, म्हणून दोन्हींबद्दल बोलेन.

माझं म्हणणं आधीच सांगून टाकतो. लहान वर्गणीची बेरीज किती होते, याला मी दुय्यम मानतो. ती वर्गणी देणाऱ्याला काय अधिकार देते, हे मुख्य आहे. ज्या फंडानं देणाऱ्याला विचारण्याचा हक्क दिला, तिथं थोड्या पैशांतही काम उभं राहिलं. जिथं तो हक्क दिला नाही, तिथं कोटी रुपये जमूनही माणसं होती तिथंच राहिली.

सुरुवात इथून पाऊणशे किलोमीटरवर असलेल्या नागपूरपासून करू. डिसेंबर १९२०. काँग्रेसचं अधिवेशन. स्वागताध्यक्ष आपले जमनालाल बजाज, वय अवघं एकतीस. या अधिवेशनाची आठवण असहकाराच्या ठरावासाठी निघते, पण तिथंच काँग्रेसची नवी घटनाही मंजूर झाली आणि तिनं वर्षाला चार आणे भरणाऱ्या कुणाही प्रौढ माणसाला काँग्रेसचं सभासदत्व खुलं केलं. तोवर काँग्रेस म्हणजे वकील-डॉक्टरांची, वर्षाअखेर भरणारी परिषद. चार आण्यांनंतर आर्वीचा विणकर आणि हिंगणघाटच्या गिरणीतला कामगारही सभासद होऊ शकत होता. सभासद झाला की गावच्या, तालुक्याच्या समितीसाठी मत देऊ शकत होता. इंग्रजांच्या कायदेमंडळात मताचा हक्क मिळायचा तो जमीनमहसूल आणि कर भरणाऱ्या मूठभरांना. चार आण्यांनी तो हक्क संस्थेपुरता का होईना, साऱ्यांना दिला. आज आपण प्रौढ मतदान म्हणून जे मिरवतो, त्याची तालीम या वर्गणीत झाली असं मला वाटतं. पावती फाडणारा कार्यकर्ता त्या माणसाच्या हातात कागदासोबत एक मतही देत होता.

पुढच्याच वर्षी, ३१ मार्च आणि १ एप्रिल १९२१ ला बेझवाड्यात काँग्रेसच्या बैठकीत ठरलं की लोकमान्यांच्या नावानं स्वराज्य फंडाचे एक कोटी रुपये ३० जूनपर्यंत जमवायचे, एक कोटी सभासद करायचे, वीस लाख चरखे चालू करायचे. पैशांचं उद्दिष्ट पार पडलं. जमनालालजींनी असहकारात वकिली सोडणाऱ्यांच्या निर्वाहासाठी एक लाख रुपये दिले, रायबहादुरकीही परत केली. पण फंडातला मोठा वाटा मुंबईसारख्या शहरातून आणि धनिकांकडून आला. यात जमवणाऱ्यांचा दोष नाही. तीन महिन्यांत कोटी जमवायचे असतील तर पाय आपोआप पेढीकडे वळतात. उद्दिष्ट रकमेचं ठेवलं की मोठा दाता शोधला जातो आणि उद्दिष्ट माणसांचं ठेवलं की दार-दार फिरावं लागतं. पैशांचा आकडा गाठला गेला म्हणून जल्लोष झाला. कोटी सभासदांचा आकडा गाठण्याचं काम मात्र लांबचं, किचकट आणि कंटाळवाणं होतं. देश घडवायचं खरं काम तेच होतं. बेझवाड्याच्या ठरावानंतर आठवड्यानं, ८ एप्रिल १९२१ ला, साबरमतीहून एक पंचविशीचा तरुण वर्ध्याला येऊन दाखल झाला. विनोबा. हे कंटाळवाणं काम पुढं त्यांच्याच वाट्याला यायचं होतं.

महाराष्ट्राला ही रीत तेव्हा नवी नव्हती. अंताजी दामोदर काळे यांनी पैसा फंड काढला : प्रत्येकानं वर्षाला एक पैसा द्यावा, त्यातून स्वदेशी धंदे उभे राहावेत. लोकमान्यांचं पाठबळ मिळालं, जत्रांतून, सभांतून पैसे गोळा झाले आणि १९०८ मध्ये तळेगाव दाभाड्याला काचेचा कारखाना उभा राहिला. तिथं शिकलेल्या कारागिरांनी पुढं ठिकठिकाणी काचकामाला हात दिला. भाऊराव पाटलांच्या वसतिगृहांना खेड्यापाड्यांतून धान्य येत राहिलं, पणजीला तर मुष्टिफंड नावाचीच शिक्षणसंस्था उभी राहिली. एवढ्यावरून इतकंच ध्यानात घ्यायचं की मूठभर दाणे किंवा पैसाभर नाणं मागण्यात इथं कुणाला कमीपणा वाटत नव्हता.

मागण्याची कला गांधीजी दक्षिण आफ्रिकेत शिकले. १८९४ साली नाताळ इंडियन काँग्रेस स्थापन झाली तेव्हा महिना किमान पाच शिलिंग वर्गणी ठरली. वसुलीला गावोगाव फिरावं लागे. आत्मकथेत टोंगाटचा प्रसंग आहे. एका सधन यजमानानं जेवणाचा आग्रह केला, पण सहा पौंड देण्याची ऐपत असताना तो तीनावरच अडून राहिला. गांधीजी आणि त्यांचे सोबती जेवणाला हात न लावता रात्रभर तिथंच बसून राहिले. पहाटे यजमान नरमला, सहा पौंड दिले आणि मग सगळ्यांनी खाल्लं. हा प्रसंग हट्टाची गोष्ट म्हणून सांगतात. मला त्यात वेगळी गोष्ट दिसते. ऐपतीपेक्षा कमी देणाऱ्याकडून पैसे घेऊन गप्प बसणं म्हणजे ऐपतीप्रमाणे देणाऱ्या गरिबावर अन्याय, ही जाणीव त्या रात्रीच्या उपाशी बसण्यात आहे. त्याच प्रकरणांत त्यांनी हिशोबाबद्दल लिहिलं आहे : पैन्‌पैची पावती हवी, चोख हिशोबाशिवाय सार्वजनिक कामात सत्य टिकत नाही. आणि आणखी एक, जे आज फारसं कुणी मानत नाही. सार्वजनिक संस्थेनं कायमचा फंड करून त्याच्या व्याजावर जगू नये. दरवर्षी लोकांकडे जावं, लोकांनी द्यावंसं वाटलं तर चालावं, नाही तर बंद पडावं. व्याजावर चालणाऱ्या संस्थेला लोकांची पर्वा उरत नाही, हे त्यांनी अनुभवानं लिहिलं होतं.

हिशोबाची गोष्ट निघालीच आहे, तर इथल्या मगनवाडीच्या कुमारप्पांची आठवण काढल्याशिवाय पुढं जाता येणार नाही. जानेवारी १९३४ मध्ये बिहारात भूकंप झाला. देशभरातून मदत आली. तिचा हिशोब सांभाळायला जमनालालजींनी ज्यांना बोलावलं ते जे. सी. कुमारप्पा, लंडनमध्ये हिशोबनिसाचं शिक्षण घेतलेले. त्यांनी नियम केला : स्वयंसेवकाच्या जेवणाखाण्यावर दिवसाला तीन आण्यांहून अधिक खर्च मदतनिधीतून व्हायचा नाही. काही दिवसांनी गांधीजी आपल्या परिवारासह पाटण्याला आले. त्यांचं दूध, फळं, सोबतच्या मंडळींचा खर्च तीन आण्यांत बसणारा नव्हता. कुमारप्पांनी गांधीजींचे चिटणीस महादेवभाई देसाई यांना सरळ सांगितलं की हा खर्च निधीतून मिळणार नाही, त्याची सोय दुसरीकडून करा. महादेवभाई गांधीजींकडे गेले. गांधीजींनी कुमारप्पांना बोलावून विचारलं, त्यांनी नियम सांगितला, आणि नियम पाळला गेला. कुणा शेतकऱ्यानं भूकंपग्रस्तासाठी दिलेला आणा महात्म्याच्या दुधालाही वळवायचा नाही! त्याच वर्षी ग्रामोद्योग संघ निघाला आणि हे कुमारप्पा वर्ध्यात येऊन राहिले. ज्या गावात असा हिशोबनीस राहिला, त्या गावात फंड काढणाऱ्यानं वह्या आधी उघडाव्यात, अशी अपेक्षा मी ठेवली तर ती चुकीची होणार नाही.

७ नोव्हेंबर १९३३ ला याच जिल्ह्यातून गांधीजींची हरिजन यात्रा निघाली. सेलूचं मंदिर सगळ्यांना खुलं करून ते पुढं गेले. नऊ महिने, सुमारे साडेबारा हजार मैल, आणि जमले सुमारे आठ लाख रुपये. सभेनंतर झोळी फिरे, दागिन्यांचा लिलाव होई, सहीसाठीसुद्धा पैसे मोजावे लागत. आठ लाखांत देशातली अस्पृश्यता संपणार नव्हती, हे त्यांनाही कळत होतं. पण ज्या सवर्ण माणसानं त्या झोळीत आणा टाकला, त्यानं आपल्या गावासमोर एक बाजू घेतली होती. बाबासाहेबांचा या साऱ्या पद्धतीवर आक्षेप होता. या निधीचं काम पाहणाऱ्या हरिजन सेवक संघाच्या कारभारात ज्यांच्यासाठी निधी, त्यांचाच आवाज नाही, हा त्यांचा मुद्दा माझ्या आजच्या म्हणण्याला थेट भिडतो. देणाऱ्याला अधिकार आणि घेणारा मात्र हात जोडून उभा, अशी वाटणी झाली की त्या निधीत कितीही सदिच्छा असो, बरोबरी येत नाही. तो आक्षेप मला पूर्णपणे रास्त वाटतो, आणि पुढचे सगळे प्रयोग मी त्याच कसोटीवर पाहतो.

कस्तुरबा गेल्या २२ फेब्रुवारी १९४४ ला. त्यांच्या स्मरणार्थ पंचाहत्तर लाखांचा निधी जमवायचं ठरलं. उद्दिष्टाहून जास्त जमलं, आणि २ ऑक्टोबरला, गांधीजींच्या पंचाहत्तराव्या वाढदिवशी, सेवाग्रामात तो निधी त्यांच्या स्वाधीन झाला. खेड्यातल्या बायका-मुलांसाठी त्यातून दीर्घकाळ काम झालं. मोठा निधी वाईटच असतो असं मी म्हणत नाही, म्हणून हे मुद्दाम सांगितलं.

आता विनोबांच्या पवनारकडे वळतो, कारण या विषयाचा गाभा तिथं आहे.

भूदान सर्वांना माहीत आहे. १८ एप्रिल १९५१ ला पोचमपल्लीत हरिजनांनी ऐंशी एकर मागितली, रामचंद्र रेड्डींनी शंभर दिली, आणि पवनारहून पायी निघालेल्या विनोबांना वाट सापडली. पण जमीन ज्याच्याजवळ नाही त्यानं काय द्यायचं? शिक्षक, कारकून, दुकानदार, कारखान्यातला मजूर? म्हणून १९५२ मध्ये, बिहारच्या पदयात्रेत, संपत्तिदान आलं. आपल्या मिळकतीचा सहावा हिस्सा समाजासाठी. घरात पाच माणसं असतील तर मला सहावा समजा, असं विनोबा म्हणत. यातली एक गोष्ट अजब होती. विनोबा पैसे घेत नसत. दात्यानं रक्कम आपल्याजवळच ठेवायची, सांगितलेल्या कामावर आपल्या हातानं खर्च करायची आणि वर्षाअखेर हिशोब कळवायचा. फंड नाही, तिजोरी नाही, कार्यालय नाही. या कामाला वर्ध्याच्या श्रीकृष्णदास जाजूंनी आयुष्याची अखेरची वर्षं दिली. वकिली सोडून आलेला, चरखा संघाचा कारभार वर्षानुवर्षं चोख सांभाळलेला हा माणूस. आकड्यांची ज्याला इतकी कदर, त्यानं तिजोरी नसलेल्या दानासाठी फिरावं, यातूनच त्या कल्पनेवरचा विश्वास दिसतो.

संपत्तिदान चळवळ म्हणून टिकलं नाही. कारण स्पष्ट आहे. पहिल्या वर्षी संकल्पपत्रावर सही करणं सोपं असतं, कारण समोर विनोबा बसलेले असतात. दुसऱ्या वर्षी दार ठोठावून हिशोब विचारणारं कुणी नसेल तर सहावा हिस्सा हळूहळू घरखर्चात विरघळतो. साक्षीला फक्त अंतःकरण ठेवणं मोठ्या माणसांना जमतं. बाकीच्यांना शेजाऱ्याची नजर लागते, गावासमोर वाचलेली यादी लागते. भूदानाचंही तसंच झालं. चाळीस लाख एकरांवर दानपत्रं जमली, पण वाटप त्याहून कितीतरी कमी झालं. मागणारे पुढच्या गावी निघून गेले आणि मागे सातबारा सरळ करून देणारं कुणी राहिलं नाही.

विनोबांची दुसरी कल्पना मला जास्त मोलाची वाटते, कारण ती लहान होती. सर्वोदय पात्र. घरात एक मडकं ठेवायचं. रोज त्यात मूठभर धान्य टाकायचं आणि ते घरातल्या सगळ्यात लहान मुलाच्या हातानं टाकायचं. मोठ्याची मूठ मोठी, लहानाची लहान, पण लहानाच्या मुठीला शिक्षण मिळतं, असा त्यांचा विचार. जेवणाआधी शेजाऱ्याचा वाटा काढल्याशिवाय ताट वाढायचं नाही, हे पोराला चौथ्या-पाचव्या वर्षी हातानं कळतं. शांतिसेनेच्या कामाला हा आधार मिळावा अशी योजना होती. तशीच सूतांजली. १२ फेब्रुवारी १९४८ ला गांधीजींच्या अस्थी पवनारला धाम नदीत विसर्जित झाल्या. दरवर्षी त्या दिवशी मेळा भरतो आणि लोक हातानं कातलेल्या सुताची एक गुंडी वाहतात. एक गुंडी म्हणजे ६४० तार, एक तार चार फुटांची. सवयीच्या हातालाही ती कातायला दोन-तीन तास बसावं लागतं. वर्षातून माणशी एकच गुंडी, लखपतीची एक आणि मोलकरणीची एक. पैशात ज्यांची बरोबरी कधी होणार नाही, त्यांची श्रमात झाली. गांधीजींनी १९२४ च्या बेळगाव काँग्रेसमध्ये असंच काही करून पाहिलं होतं : चार आण्यांऐवजी सभासदानं महिन्याला दोन हजार वार सूत द्यावं. सभासद गळाले आणि वर्षभरात अट सैल करावी लागली. पैसे देऊन मोकळं होणं माणसाला सोयीचं असतं. वेळ मागितला की खरी परीक्षा होते.

मग आलं १९५६. तामिळनाडूत पलणी इथं भूदानाचं काम पाहणाऱ्या सर्व सेवा संघानं ठरवलं : निधिमुक्ती आणि तंत्रमुक्ती. गांधी स्मारक निधीतून भूदान कार्यकर्त्यांना जो पैसा मिळत होता तो बंद, भूदान समित्याही विसर्जित. कार्यकर्त्यानं लोकांच्या आधारावर जगावं. तत्त्व म्हणून यात खोट काढता येत नाही. पण मागे वळून पाहताना मला वाटतं की पाया तयार होण्याआधीच टेकू काढला गेला. घरोघरची पात्रं भरायला लागली असती, तालुक्या-तालुक्यात हिशोबाच्या वह्या उघडल्या असत्या, आणि मग निधी सोडला असता तर कार्यकर्ते उघड्यावर पडले नसते. विनोबांवर माझी श्रद्धा आहे आणि तरीही हे बोललं पाहिजे, कारण लोकाधाराचं नाव घेऊन कार्यकर्त्यांची कुटुंबं उपाशी ठेवण्याची सवय आपल्या सामाजिक कामाला लागली आहे. लहान दानाला चिवट संघटना लागते. ती आपोआप जमत नाही.

स्वतः विनोबांनी पुढं १९७३ मध्ये याहून साधा मार्ग काढला. उपवासदान. महिन्यातून एक दिवस उपवास करा, जमत नसेल तर दोन वेळा अर्धा दिवस करा, आणि वाचलेल्या अन्नाचे पैसे सर्व सेवा संघाला द्या. त्यांनी स्वतःपासून सुरुवात केली : महिन्याच्या ११ आणि २५ तारखेला अर्धा उपवास. दिवसाच्या जेवणाला तीन रुपये, म्हणून वर्षाचे छत्तीस रुपये. ज्याच्या शब्दावर लाखो एकरांची दानपत्रं लिहिली गेली, त्याची वार्षिक वर्गणी छत्तीस रुपये! पवनारच्या त्या छत्तीस रुपयांसमोर मला आजचे मोठमोठे देणगीफलक फिके वाटतात, हे मनापासून सांगतो.

इथवरचे सगळे प्रयोग देणाऱ्याच्या मनाला हात घालणारे होते. आता ज्याबद्दल सांगायचं आहे तो प्रयोग गरिबाच्या हातात काय पडलं, याचं उत्तर देतो. सेवाग्रामच्या कस्तुरबा रुग्णालयाची ज्वारी योजना. १९६९ मध्ये डॉ. सुशीला नायर यांनी इथं महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्था उभी केली. तिथल्या डॉ. उल्हास जाजू आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी आसपासच्या खेड्यांत काम करताना एक साधी व्यवस्था बसवली. ज्वारीचा हंगाम निघाला, खळं झालं की घरटी ठरलेली ज्वारी आरोग्यासाठी द्यायची. भूमिहीन मजुराला कमीत कमी माप, ज्याला शेती त्याला शेतीच्या मानानं जास्त. त्यातून गावच्या आरोग्यसेविकेचं मानधन आणि गावातली औषधं. सभासद कुटुंबातलं कुणी अचानक आजारी पडलं तर रुग्णालयात मोफत उपचार. मोतीबिंदू, हर्निया, बाळंतपण अशा आधी ठाऊक असलेल्या गोष्टींसाठी बिलाचा काही हिस्सा भरायचा.

यातली एक अट फार विचारानं घातली होती. गावातल्या किमान ७५ टक्के कुटुंबांनी ज्वारी दिली तरच गाव योजनेत. चार-दोन घरांनी भरून चालणार नाही. असं का, हे समजून घेण्यासारखं आहे. ऐच्छिक ठेवलं तर ज्याच्या घरी आजारी माणूस आहे तोच भरतो आणि धडधाकट माणूस म्हणतो, मला काय करायचंय. मग फंड पहिल्याच वर्षी बुडतो. मोठ्या विमा कंपन्यांना याच भीतीनं हजार अटी घालाव्या लागतात. खेड्यात त्याचा उपाय गावकऱ्यांनीच करायचा होता : न भरणाऱ्या शेजाऱ्याला गाठून समजवायचं. त्यासाठी बैठक घ्यावी लागे, बैठकीत खालच्या वस्तीतली माणसंही येत, कारण त्यांच्याशिवाय ७५ टक्के भरत नसत. गावच्या पाटलाला मजुराच्या दारी जाऊन ज्वारी मागावी लागली, यापेक्षा मोठं लोकशिक्षण कुठल्या भाषणानं होणार?

आणि एकदा माप दिलं की तोच मजूर रुग्णालयात आला तर कुणाचे पाय धरत नव्हता. आम्ही भरलं आहे, असं म्हणत होता. कार्ड पुढं करत होता. आरोग्यसेविका नीट काम करत नसेल तर बैठकीत उठून बोलत होता. चार आण्यांच्या पावतीसोबत मताचा हक्क मिळाला होता, तसा ज्वारीच्या मापासोबत उपचाराचा हक्क. बाबासाहेबांच्या आक्षेपाला व्यवहारात दिलेलं हे सगळ्यात चांगलं उत्तर मला वाटतं : ज्याच्यासाठी फंड, तोच फंडाचा वर्गणीदार.

एक गोष्ट लपवू नये. लोकांच्या ज्वारीतून रुग्णालयाचा सगळा खर्च कधीच भागला नाही. भागणारही नव्हता. डॉक्टर, शस्त्रक्रिया, यंत्रं यांचा बोजा संस्थेनं आणि सरकारी अनुदानानं उचलला. म्हणूनच लहान वर्गणी काढा आणि सरकारनं हात झटकून मोकळं व्हावं, असं जे हल्ली कानावर येतं ते मला साफ अमान्य आहे. वर्गणी ही सरकारकडे मागण्याची ताकद आहे. ज्या गावानं स्वतःची ज्वारी घातली, ते गाव उपकेंद्रातल्या रिकाम्या पदाबद्दल जास्त जोरानं बोलतं. पुढं या शेतांतून ज्वारी हटली, कपाशीच्या जोडीला सोयाबीन आलं. घरात धान्यच नाही तर माप कशानं भरायचं, म्हणून असे व्यवहार पैशांवर गेले. पैसा सोयीचा खरा, पण खळ्यावर चार माणसांसमोर माप भरताना जी चर्चा व्हायची ती त्यात होत नाही.

घेणारा देणारा होतो, याचा दुसरा दाखला हिंगणघाटला जन्मलेल्या बाबा आमट्यांचा. चौदा रुपये, एक लंगडी गाय आणि सहा कुष्ठरुग्ण घेऊन आनंदवन सुरू झालं. भिकेचा कटोरा त्यांनी पहिल्यांदा दूर केला. १९६४ मध्ये आनंदवनात महाविद्यालय निघालं ते कुष्ठरुग्णांच्या श्रमातून, आणि त्यात शिकायला आली आसपासच्या धडधाकट घरांतली मुलं. ज्यांना गावानं बाहेर काढलं त्यांनी गावाला कॉलेज दिलं.

अगदी अलीकडचं सांगायचं तर आर्वी तालुक्यातलं काकडदरा. छोटं आदिवासी गाव. पाणी फाउंडेशनच्या २०१७ च्या वॉटर कप स्पर्धेत राज्यात पहिलं आलं. पन्नास लाखांचं बक्षीस मिळालं, पेपरात फोटो आले. मला महत्त्वाचं वाटतं ते त्याआधीचं : एप्रिल-मेच्या वैदर्भी उन्हात पहाटे कुदळ-फावडं घेऊन गाव बाहेर पडत होतं आणि आपल्या हातानं बांध घालत होतं. ज्यांच्याजवळ द्यायला पैसा नव्हता त्यांनी सकाळ दिली. सूतांजलीच्या गुंडीचीच ही दुसरी तऱ्हा.

याच्या उलट एक आठवण. १ जुलै २००६ च्या सुमारास पंतप्रधान मनमोहनसिंग विदर्भात आले, आपल्या जिल्ह्यातल्या वायफडलाही आले. शेतकऱ्यांच्या आत्महत्यांनी ग्रासलेल्या सहा जिल्ह्यांसाठी ३,७५० कोटींचं पॅकेज जाहीर झालं, त्यात वर्धा होता. ते पैसे यायलाच हवे होते, उशिराच आले. पण त्या यादीत काय असावं हे वायफडच्या शेतकऱ्याला आधी कुणी विचारलं? पुढं नाम फाउंडेशननं सामान्य माणसांकडून पैसे जमवून आत्महत्याग्रस्त कुटुंबांना मदत दिली. शेकडो-हजारो लोकांनी आपणहून दिलं, याचं मला मनापासून कौतुक आहे. तरी एक प्रश्न राहतो, आणि तो आपल्या सगळ्यांसाठी आहे. धनादेश घेताना त्या विधवा बाईला फोटोसाठी उभं राहावं लागू नये, उलट कुणाला मदत द्यायची हे ठरवणाऱ्या समितीत तिला बसता यावं, अशी व्यवस्था आपण का करत नाही?

आज देणं फार सोपं झालं आहे. चहाच्या टपरीवर जो चौकोन मोबाइलनं टिपून दहा रुपये देतो, तसाच चौकोन टिपून पूरग्रस्तांना दोनशे देता येतात. मराठी माणूस पुण्यात असो, न्यू जर्सीत असो, क्षणात देतो. पैसे पोचतात, पण देणारा कुठंच पोचत नाही. पुढच्या महिन्यात त्याला कुणी विचारत नाही, तोही कुणाला विचारत नाही. संकटाच्या आठवड्यात पूर येतो आणि नंतर पात्र कोरडं. गरिबी मात्र बारमाही आहे, तिला बारमाही वर्गणी लागते.

ती बारमाही सवय आपल्या जिल्ह्यात आहे, आणि बायकांच्या हातात आहे. गावोगावचे बचत गट. दहा-वीस जणी, ठरल्या दिवशी बैठक, ठरलेली बचत, आपसांत कर्ज, वेळेवर परतफेड, आणि वही अद्ययावत. ज्या व्यवस्थेची संपत्तिदानाला उणीव भासली ती इथं आयती उभी आहे : शेजारणीची नजर, सर्वांसमोर वाचलेली वही, पुढच्या महिन्याची बैठक. यांची बचत त्यांचीच आहे, तिच्यावर कुणी डोळा ठेवू नये. पण गावासाठी वर्षातून एका बैठकीची बचत वेगळी काढायची आणि तेवढीच भर गावातल्या नोकरदारांनी, शहरात गेलेल्या पोरांनी आणि ग्रामपंचायतीनं घालायची, असं ठरवता येईल.

या पैशातून पहिल्या वर्षी काय करावं, याबद्दलही माझं मत पक्कं आहे. सभामंडप नको, कमान नको. रात्री-अपरात्री बाळंतीण अडली, छातीत दुखलं, सापानं चावलं तर समुद्रपूर किंवा कारंजा तालुक्यातल्या आतल्या गावातून सेवाग्रामला पोचायला गाडीचं भाडं लागतं. रुग्णवाहिका वेळेत आली नाही तर ते भाडं तिथल्या तिथं कुणाकडून तरी उसनं घ्यावं लागतं आणि त्या उसनवारीला व्याज लागतं. कित्येक घरांत कर्जाची पहिली नोंद अशाच एका रात्रीची असते. ते भाडं गावच्या वहीतून जावं. कुणाला द्यायचं हे त्याच बैठकीत ठरावं, भूमिहीनांच्या घरच्या दोघी-तिघी त्यात असाव्यात, त्यांचाही वाटा वहीत असावा, मग तो दहा रुपयांचा का असेना. वर्षाअखेर वही ग्रामसभेत मोठ्यानं वाचावी. दर किती, किती घरं झाली की सुरू करायचं, हे बाहेरच्या माणसानं सांगू नये. सेवाग्रामच्या ज्वारी योजनेत ७५ टक्के ठरले होते. आपल्या गावाला ऐंशी परवडतात की साठ, यावर या महिन्याच्या बैठकीत बोलता येईल.